नवी बॅटरी घेण्याआधी केबल तपासावी

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

थंडीच्या दिवसांत वाहनांची निगा कशी राखावी, याविषयी आपल्या रविवारच्या पुरवणीत आलेला मजकूर वाचला. टायरमधील हवा, कूलंट आणि काचेवरील दव यांविषयीच्या सूचना उपयुक्त आहेत, त्यांबद्दल माझी काही तक्रार नाही. मात्र सकाळी गाडी सेल्फ घेत नसेल आणि बॅटरी तीन वर्षांची झाली असेल तर ती बदलून टाकावी, हा त्यातील सल्ला अपुरा आहे. याच समजुतीवर विसंबून मी दोन वर्षांत दोन बॅटऱ्या विकत घेतल्या आणि बिघाड होता तो बॅटरीपासून हातभर अंतरावर, एका काळ्या केबलच्या पोटात. जुन्या गाड्या वापरणाऱ्या इतर नाशिककरांच्या बाबतीतही हेच घडत असावे असे वाटते, म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहे.

आमची गाडी २००४ सालची, छोटी, पेट्रोलवर चालणारी. पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर पेठ रोडच्या आरटीओ कार्यालयात तिची नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवून घेतली आणि २०२४ मध्ये पुन्हा एकदा वाढवली. त्या वेळी पाच हजार रुपये शुल्क भरले, हरित कर वेगळा. एवढे करून गाडी ठेवली, कारण तिचे इंजिन अजून कुरकुरत नाही आणि आम्हा दोघांची गरज इंदिरानगर ते नाशिक रोड, फार तर त्र्यंबकेश्वर, एवढीच आहे. गेल्या डिसेंबरात मुलीला पंचवटी एक्स्प्रेसला सोडायचे म्हणून पहाटे सहाला खाली उतरलो, किल्ली फिरवली, तर डॅशबोर्डवरचे दिवे लागले, ‘कट्’ असा एक आवाज आला आणि दिवे मंदावले. दुसऱ्यांदा तेच, तिसऱ्यांदा तेच. मुलगी रिक्षाने गेली. बॅटरी जेमतेम सात महिन्यांची होती.

ज्या दुकानातून ती घेतली होती, तिथल्या मुलाने लोड टेस्टरचे, म्हणजे बॅटरीवर भार टाकून तिची ताकद मोजणाऱ्या उपकरणाचे, चिमटे बॅटरीला लावून ती उत्तम असल्याचे सांगितले आणि ते खरेच होते. त्याने टर्मिनलवर किटलीभर गरम पाणी ओतले, नट आवळले, गाडी सुरू झाली आणि तो म्हणाला, “काका, गाडी जुनी झाली, आता ती असे करणारच.” चौथ्या दिवशी सकाळी पुन्हा ‘कट्’. गाडीच्या वयाकडे बोट दाखवले की पुढे काही शोधावे लागत नाही, ही सोय माणसांच्या डॉक्टरांनाही ठाऊक असते, पण ते असो.

मी सातपूरच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिकल पॅनेलच्या जुळणीवर एकतीस वर्षे काम केले आहे. आमच्याकडे बसबारच्या, म्हणजे वीज वाहणाऱ्या जाड पट्ट्यांच्या, प्रत्येक मोठ्या जोडावर किती मिलिव्होल्ट पडतात, म्हणजे वाटेत खर्ची जातात, हे मोजून लिहून ठेवल्याशिवाय पॅनेल दाराबाहेर जात नसे. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांचे जोड मोजले, त्याने स्वतःच्या गाडीचे दोन जोड न मोजता दोन बॅटऱ्यांचे पैसे मोजावेत, याची मला मनापासून लाज वाटली आणि त्याच दुपारी मल्टिमीटर घेऊन बोनेट उघडले.

ही तपासणी कोणालाही करता येण्यासारखी असल्यामुळे ती कशी केली ते सांगतो. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून हँडब्रेक ओढला, मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर लावला आणि सौभाग्यवतींना किल्ली फिरवण्यासाठी आत बसवले. रात्रभर उभ्या असलेल्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट होते, म्हणजे ती पूर्ण भरलेली होती. किल्ली फिरवली की इंजिन रखडत एखाददोन फेरे घेई, त्या वेळी बॅटरीच्या दोन शिशाच्या खुंट्यांमध्ये ११.४ व्होल्ट दिसत आणि सेल्फच्या मोटरवर मात्र ८.९ च पोहोचत. मधले अडीच व्होल्ट वाटेतच खर्ची पडत होते. मग मीटरचे एक टोक निगेटिव्ह खुंटीवर आणि दुसरे इंजिनच्या उघड्या धातूवर धरले, तेव्हा १.७ आले. पॉझिटिव्ह खुंटी आणि सेल्फचा मोठा बोल्ट यांच्यामध्ये ०.८ आले. चांगल्या स्थितीतल्या गाडीत निगेटिव्ह बाजूला ०.२ ते ०.३ आणि पॉझिटिव्ह बाजूला फार तर ०.५ व्होल्टपर्यंत पडावेत. मीटरचे टोक क्लॅम्पवर, म्हणजे केबलच्या टोकाच्या पकडीवर, न धरता त्याच्या आतल्या खुंटीवरच धरायचे असते, कारण पुष्कळदा खरा दोष त्या दोघांच्या मधल्या काळ्या थरात बसलेला असतो आणि क्लॅम्पवर टोक धरले तर नेमका तोच मोजमापातून निसटतो.

काही वायरमन केबल सोडवून तार अखंड आहे का हे पाहण्यासाठी मल्टिमीटरचा बझर लावतात, तो वाजला की केबल चांगली असे समजतात. या कामासाठी बझर निरुपयोगी आहे. छोट्या पेट्रोल इंजिनाला सेल्फ घेताना ढोबळमानाने १०० ते १५० अँपिअर लागतात. १०० अँपिअरला १.७ व्होल्ट पडतात याचा अर्थ वाटेतला रोध १७ मिलिओहम, म्हणजे एका ओहमचा साठावा भाग आहे. साध्या मल्टिमीटरला तो शून्यच भासतो. शंभर तारांपैकी पाच शाबूत असल्या तरी बझर वाजतो, पण त्या पाच तारा शंभर अँपिअर वाहू शकत नाहीत. शिवाय १.७ व्होल्ट आणि १०० अँपिअर यांचा गुणाकार १७० वॅट होतो, म्हणजे आमच्या कारखान्यातल्या मोठ्या सोल्डरिंग आयर्नपेक्षाही जास्त उष्णता त्या वीतभर केबलमध्ये निर्माण होत होती. तीनचार वेळा किल्ली फिरवल्यावर निगेटिव्ह क्लॅम्पला हात लावला, तर तो पटकन मागे घ्यावा लागला.

निगेटिव्ह केबल काढल्यावर तिचे टोक ब्लेडने उभे चिरले. वरून प्लास्टिक शाबूत होते, फक्त थोडे फुगलेले आणि वाकवताना कुरकुरणारे. आत तांब्याचा रंग कुठेच नव्हता. क्लॅम्पजवळच्या तारा काळ्या पडलेल्या, त्यांच्यामध्ये निळसर हिरवी पूड भरलेली, आणि बोटाने हलवल्या की सुकलेल्या गवतासारख्या तुटत होत्या. एक वीत चिरत गेलो, तरी लालसर चकाकी दिसेना. ती दिसली क्लॅम्पपासून अकरा इंचांवर, आणि सबंध केबल होती सोळा इंचांची.

ही पूड आपल्या जिल्ह्यातल्या द्राक्ष बागायतदाराला ओळखून सांगायची गरज पडू नये, कारण बोर्डो मिश्रणासाठी तो जे मोरचूद आणतो, तेच हे कॉपर सल्फेट आहे. बॅटरीत सौम्य गंधकाम्ल असते. चार्जिंग होताना हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे बुडबुडे फुटतात, त्यांच्याबरोबर आम्लाचा बारीक तुषार बाहेर येतो. खुंटीच्या मुळाशी प्लास्टिकची पकड सैल झालेली असेल किंवा डिस्टिल्ड पाणी खुणेच्या वर भरलेले असेल तर हे अधिकच होते. शिशावर त्याची पांढरी पूड बनते, तांब्यावर निळी. पण खरे नुकसान दिसत नाही तिथे होते. केबल ही शेकडो बारीक तारांची जुडी असल्यामुळे दिव्याच्या वातीत तेल चढावे तसे आम्ल तारांमधल्या फटींतून प्लास्टिकच्या आत चढत जाते. ही क्रिया वर्षानुवर्षे चालते आणि बाहेरून काही कळत नाही. म्हणूनच हा आजार जुन्या गाडीचा आहे. थंडीत बॅटरीची ताकद थोडी उतरते, ऑइल घट्ट होऊन इंजिन जड फिरते आणि सेल्फला नेहमीपेक्षा जास्त करंट लागतो. त्यामुळे उन्हाळ्यात कसेबसे निभावून नेणारी केबल डिसेंबर-जानेवारीत उघडी पडते. निफाडकडे पारा आणखी खाली जातो, तिथल्या ट्रॅक्टरमालकांना हे अधिक ठाऊक असेल.

गरम पाण्याबद्दलही लिहायला हवे. गरम पाण्याने वरची पूड विरघळते, क्लॅम्पचा जोड तात्पुरता सुधारतो आणि गाडी सुरू होते, त्यामुळे त्या उपायाची कीर्ती पसरलेली आहे. आमच्या सोसायटीत एक सद्गृहस्थ रोज सकाळी दुधाच्या पातेल्यातून पाणी आणतात. परंतु ते आम्लयुक्त पाणी वाहून जाते बॅटरीखालच्या पत्र्याच्या ट्रेमध्ये, तो ट्रे कुजतो आणि बॅटरी हलू लागते. मग आपल्या रस्त्यांवरच्या प्रत्येक खड्ड्यात खुंटीवर ताण येऊन तिच्या मुळाशी आणखी फट पडते. पाणी ओतायचेच असेल तर त्यात आधी खाण्याचा सोडा मिसळावा, म्हणजे आम्ल निवते. झाकणे घट्ट लावलेली असावीत, कारण सोड्याचे पाणी बॅटरीच्या आत गेले तर आतले आम्लही निकामी होते. फेस येणे थांबले की साध्या पाण्याने सर्व धुऊन, पुसून कोरडे करावे.

माझ्या दोन बॅटऱ्यांचा हिशोबही या केबलपाशीच येऊन थांबतो. सेल्फसाठी बॅटरीतून करंट ज्या वाटेने जातो, त्या वाटेचा निगेटिव्ह भाग चार्जिंगच्या करंटलाही चुकत नाही. अल्टरनेटरचा, म्हणजे बॅटरी भरणाऱ्या जनित्राचा, रेग्युलेटर आपल्या जागी १४.२ व्होल्ट राखत असला, तरी ३० अँपिअर चार्जिंगला त्या १७ मिलिओहममध्ये अर्धा व्होल्ट पडतो. दिवे, पंखा लावून मोजले तेव्हा आमच्या बॅटरीवर १३.६ पर्यंतच येत होते. घर ते भाजी बाजार अशा लहान फेऱ्यांत एवढ्यावर बॅटरी कधीच पुरती भरत नाही, सतत अर्धपोटी राहिलेल्या प्लेटांवर सल्फेट घट्ट बसते आणि तिची ताकद कायमची जाते. म्हणजे खराब केबल चांगल्या बॅटरीला बदनाम करते आणि काही महिन्यांनी खरोखर मारतेही. दुकानदार नवी बॅटरी बसवतो, ती नवी असल्यामुळे त्याच केबलमधून काही महिने रेटून नेते, ग्राहकाला वाटते रोग गेला. माझी पहिली बॅटरी अशीच गेली.

आता दुरुस्तीविषयी. नाशिकमध्ये सर्रास केले जाते ते असे की कुजलेले टोक कापायचे, दोन इंच प्लास्टिक सोलायचे आणि बाजारात मिळणारा दोन स्क्रूंच्या पट्टीचा क्लॅम्प त्यावर आवळायचा. पाच मिनिटांत काम होते. परंतु आतल्या काळ्या तारांवर आवळलेला क्लॅम्प पहिल्या दिवसापासून गरम होतो, उघड्या टोकातून आम्ल पूर्वीपेक्षा लवकर चढते आणि दर वेळी दोन इंच कापल्यामुळे केबल तोकडी होऊन खुंटीला ओढत राहते. आमच्या केबलवर हा प्रयोग पूर्वी एकदा झालेला होता, हे ती चिरल्यावर कळले. कापलेल्या जागी तारा चकचकीत लाल दिसत असतील तरच टोक बदलणे योग्य, एरवी सबंध केबल बदलावी.

नवी केबल घेतानाही फसायला होते. जाड दिसणारी केबल चांगली असे नसते, कारण जाडी प्लास्टिकचीही असू शकते. स्वस्त केबलमध्ये बहुधा तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनिअमच्या तारा असतात. एक तार ब्लेडने खरवडावी, आत पांढरी निघाली तर ती परत करावी. वजनातही फरक कळतो, तांबे ॲल्युमिनिअमच्या तिपटीहून जड असते. ॲल्युमिनिअमचा रोध तांब्याच्या दीडपटीहून अधिक, आणि आम्लाच्या ओलाव्यात तांबे व ॲल्युमिनिअम एकमेकांना लागून असले की ॲल्युमिनिअम झपाट्याने खाल्ले जाते, म्हणजे बॅटरीजवळ तिला बसवणे हा शुद्ध वेडेपणा आहे. मी २५ चौरस मिलिमीटरची, बारीक तारांची, निखळ तांब्याची केबल घेतली. तिचा रोध दर मीटर लांबीला ०.७८ मिलिओहमच्या आसपास असतो. मोठ्या डिझेल गाडीला ३५ किंवा त्याहून जाड लागते. लांबी जुन्या मूळ केबलएवढी धरली. टोकांना कथिलाचा मुलामा असलेले तांब्याचे लग, म्हणजे बोल्टमध्ये बसणारी टोके, हायड्रॉलिक क्रिम्पिंग टूलने दाबून घेतले आणि त्यावर आतून गोंद असलेली, उष्णतेने आकसणारी हीट श्रिंक नळी चढवली, जेणेकरून आम्लाची वात पुन्हा पेटू नये. अंबड आणि सातपूरमध्ये हे टूल नसलेला पॅनेलवाला सापडणार नाही, पण गाड्यांच्या वायरमनकडे मात्र लग हातोडीने ठोकला जातो किंवा नुसते डाग दिले जातात. डाग दिलेल्या जागी कथिल तारांमध्ये चढून त्या ताठर होतात आणि इंजिनच्या थरथरीने नेमक्या त्याच्या कडेवर तुटतात.

निगेटिव्हच्या दोन केबल असतात, हे पुष्कळांना माहीत नसते. एक बॅटरीपासून बॉडीला आणि दुसरी बॉडीपासून इंजिनाला किंवा गिअरबॉक्सला, काही गाड्यांत पट्टीच्या रूपात. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेले असते, त्यामुळे ही दुसरी अर्थिंग कुजली तर सेल्फचा करंट परतीसाठी ॲक्सिलरेटरची किंवा क्लचची तार धरतो आणि ती तार तापून जळते. क्लचची तार वारंवार जळते अशी तक्रार घेऊन गॅरेजच्या फेऱ्या मारणाऱ्यांनी ही पट्टी एकदा पाहावी. बॉडीवर जिथे लग बसतो, तिथला रंग आणि गंज उघड्या पत्र्यापर्यंत घासून काढावा, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळावा आणि नंतर वरून रंग किंवा ग्रीस लावावे. टर्मिनललाही व्हॅसलिन लावायचे ते आवळून झाल्यावर, आधी नाही.

घरी हे काम करणाऱ्यांसाठी क्रमाचे महत्त्व सांगणे आवश्यक आहे. आधी निगेटिव्ह काढायचा आणि शेवटी निगेटिव्ह जोडायचा. पॉझिटिव्ह खोलताना दहा नंबरचा पाना चुकून बॉडीला टेकला आणि निगेटिव्ह जोडलेला असेल, तर त्या पान्यातून शेकडो अँपिअर जातात. पाना लाल होतो, आणि बॅटरीभोवती साठलेल्या हायड्रोजनला एवढी ठिणगी पुरते. बोटातली अंगठी, मनगटातले कडे काढून ठेवावे, डोळ्यांना चष्मा असावा. पॉझिटिव्ह क्लॅम्पला सेल्फच्या जाड केबलशिवाय एक बारीक तार असते, ती मुख्य फ्यूजकडे जाते आणि तिचा फ्यूज वगळून ती थेट जोडणे हा अपराध समजावा. जाड केबलला पुष्कळ गाड्यांत फ्यूजच नसतो, म्हणून ती मूळ वाटेनेच, मूळ क्लिपांत, सायलेन्सरच्या पाइपपासून दूर न्यावी. पत्र्याच्या कडेवर घासून तिचे प्लास्टिक फाटले, तर गाडीला आग लागते. निगेटिव्ह क्लॅम्पवर सेन्सर असलेल्या नव्या गाड्यांत हात घालू नये, तो विषय वेगळा आहे.

काम झाल्यावर तीच मोजणी पुन्हा केली. निगेटिव्ह बाजूला ०.१५, पॉझिटिव्ह बाजूला ०.२. दिवे, पंखा लावून बॅटरीवर १४.१. एकूण खर्च लग, नळ्या आणि क्रिम्पिंगसह हजार रुपयांच्या आत. या खर्चाच्या चौपट किमतीची एक बॅटरी मी विनाकारण भंगारात घातली होती. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्वापरात आणण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली, हे चांगलेच झाले. पण शिसे वितळवून पुन्हा बॅटरी बनवण्याला इंधन लागते, धूर होतो, आणि जी बॅटरी वाचवता आली असती ती या चक्रात कशाला टाकायची, एवढाच माझा प्रश्न आहे.

म्हणून शहरातील बॅटरी विक्रेत्यांना माझी विनंती आहे की नवी बॅटरी बसवल्यावर सेल्फ घेताना दोन्ही बाजूंना किती व्होल्ट पडले, हे दोन आकडे वॉरंटी कार्डावर लिहून द्यावेत. लोड टेस्टर फक्त बॅटरी तपासतो, केबल त्याच्या चिमट्यांच्या बाहेर राहते. या दोन आकड्यांना एक मल्टिमीटर आणि दोन मिनिटे पुरतात, आणि वॉरंटीचे भांडण उद्भवलेच तर ते विक्रेत्याच्याही कामी येतील. मोटार मेकॅनिकचे प्रशिक्षण देणाऱ्या आयटीआयमधील निदेशकांनी ही मोजणी प्रत्येक मुलाच्या हातून जुन्या, कुजलेल्या केबलवर करून घ्यावी. चांगल्या केबलवर केली तर मीटरवर काही दिसत नाही आणि मुलगा काही शिकत नाही. तशी केबल माझ्याकडे चिरून ठेवलेली आहे, ज्यांना हवी असेल त्यांना देईन.

आपल्या पुरवणीतील सल्ल्याला जोडून ही मोजणी एखाद्या चौकटीत छापावी, ही विनंती. जानेवारी अजून जायचा आहे.

आपला,
एक निवृत्त पॅनेल पर्यवेक्षक
इंदिरानगर, नाशिक